धूळपाटीवरची वखार



आमच्या गावात दर रविवारी सकाळी मराठीचा वर्ग भरतो. भाड्याने घेतलेलं ब्यूर्टहाउस (आपल्याकडचं समाजमंदिर म्हणा), एका खोलीत छोटा गट, दुसऱ्या खोलीत मोठा, आणि मधल्या पॅसेजमध्ये कॉफी पीत उभे असलेले आईबाबा. छोट्या गटाचं झकास चालतं. गाणी, गोष्टी, बाराखडी. पंचाईत असते ती मोठ्या गटाची. १२ ते १५ वयाची नऊ मुलं. वाचता येतं, बोलता येतं (दर चौथा शब्द डच), पण पाठ्यपुस्तक समोर ठेवलं की चेहरे असे होतात, जणू कोणी पानात कारल्याची भाजी वाढली आहे.

२०२३ च्या हिवाळ्यात वर्ग चालवणाऱ्या ताई मला म्हणाल्या, "तुम्ही ते विकिपीडियावर काहीतरी करत बसता ना? मग या मोठ्यांना तेच शिकवा. आठ रविवार देते." मी २००६ पासून विकिपीडियावर लुडबुड करतो, बहुतेक इंग्रजीत, जमेल तेव्हा मराठीत. हो म्हणून टाकलं. ठरलं असं की आठ रविवारांनंतर प्रत्येकाचा निदान एक परिच्छेद मराठी विकिपीडियावर दिसला पाहिजे. स्वतः लिहिलेला, आणि माहिती कुठून घेतली ते खाली नोंदवलेला.

हे सगळं लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे. या उद्योगात काय फसू शकतं ते मी २०११ साली फार जवळून पाहिलं होतं. तरीही माझ्या वर्गात तेच फसलं, आणि कारण कळायला मला एका आईचा फोन यावा लागला.

पहिला रविवार खाती उघडण्यातच गेला. विकिपीडियावर एका इंटरनेट पत्त्यावरून दिवसाला सहाच नवी खाती उघडता येतात. उपद्रवी मंडळींना आवर घालायला ही मर्यादा ठेवलेली आहे. मला हे माहीत होतं आणि मी साफ विसरलो होतो. सहा मुलांची खाती झाली, सातव्या मुलीला लाल अक्षरांत नकार आला आणि तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. शेवटी पॅसेजमधून एक बाबा पकडून आणले आणि त्यांच्या मोबाइलच्या नेटवर्कवरून उरलेली तीन खाती उघडली. खरी नावं घालायची नाहीत, असा नियम केला. मुलं अज्ञान, आणि तिथे केलेला प्रत्येक बदल नावासकट कायमचा राहतो. मग काय, टोपणनावांना ऊत आला. एका १३ वर्षांच्या मुलाने 'वडापाव' शब्दापुढे उट्रेख्टचा फोन-कोड जोडला. पुढे मी त्याला वडापावच म्हणणार आहे.

देवनागरी टंकनाची मला फार धास्ती होती. ती फुकट गेली. मराठी विकिपीडियातच उच्चाराप्रमाणे टाइप करायची सोय आहे. वीस मिनिटांत पोरं सरावली. अडली ती फक्त 'ज्ञ' आणि 'दुसऱ्या'मधल्या 'ऱ्या'पाशी, आणि तिथे तर आपण मोठेही अडतो.

मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी. सुरुवातीच्या मंडळींनी तिथले शब्द फार मायेने निवडले आहेत. चर्चा करायची जागा म्हणजे चावडी. व्यवस्था पाहणारा तो प्रचालक. पुन्हा पुन्हा वापरायचा मजकूर म्हणजे साचा. आणि सराव करायचं पान म्हणजे धूळपाटी. इंग्रजीत आणि डचमध्ये त्या पानाला वाळूचा खड्डा म्हणतात, बागेत लहान मुलं खेळतात तसला. मुलांनी विचारलं धूळपाटी म्हणजे काय. मी सांगितलं की पूर्वी लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरून त्यात बोटाने अक्षर काढायला शिकवत. चुकलं की हात फिरवायचा, पाटी कोरी. एकीने लगेच विचारलं, "मग ते सेव्ह कसं करायचं?" सेव्ह करायचंच नसतं, म्हटलं. यावर ती जराशी अस्वस्थ झाली.

विषय मी मुद्दाम वेंगुर्ल्याचा घेतला. व्हीओसी, म्हणजे डच ईस्ट इंडिया कंपनी, इथल्या शाळेत मुलांच्या कानावरून जातेच. बटाव्हिया, केप, मसाल्याची बेटं. पण याच कंपनीची एक वखार आपल्या कोकणात होती हे नऊपैकी एकालाही माहीत नव्हतं. (पॅसेजमधल्या आईबाबांतही दोघांनाच ठाऊक निघालं, आणि ते दोघे सिंधुदुर्गातले.) गोवा पोर्तुगीजांकडे. त्यांची नाकेबंदी करायला डच जहाजं येऊन गोव्यासमोर ठाण मांडून बसायची. त्या जहाजांना पाणी लागे, धान्य लागे, बातम्या लागत. गोव्याच्या उत्तरेला, आदिलशाही मुलुखात, वेंगुर्ला सोयीचं होतं. १६३७ साली योहान फान ट्विस्ट हा डच वकील विजापूर दरबारी गेला, आणि त्याच वर्षी वेंगुर्ल्याला वखार सुरू झाली. तिची पडकी इमारत अजून तिथे आहे. पुढे शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या याच वखारीतून डचांच्या पत्रांत जात. शिवकालाच्या अभ्यासकांनी त्या पत्रांचा उपयोग केलेला आहे.

माझा हिशेब साधा होता. वेंगुर्ल्याच्या माणसाला वखार दिसते, पण डच वाचता येत नाही. इथल्या डच माणसाला डच वाचता येतं, पण त्याला वेंगुर्ला कुठे आहे हे सांगावं लागतं. या नऊ मुलांना दोन्ही जमतं. आपल्याला मराठी येतं याचा काही उपयोग आहे, असं त्यांना एकदा तरी वाटावं, एवढी माझी इच्छा.

तिसऱ्या रविवारी वडापावने सगळ्यांच्या आधी धूळपाटीवरून उडी मारून थेट लेखात परिच्छेद टाकला. मी वाचला आणि खूश झालो. काय ते मराठी! निसर्गरम्य काय, ऐतिहासिक वारसा काय, गतवैभवाच्या पाऊलखुणा काय. मला तिथल्या तिथे शंका यायला हवी होती. जो मुलगा मला "काका, मी फीट्सने आलो" म्हणतो (फीट्स म्हणजे सायकल), तो 'गतवैभव' कुठून आणणार? पण शिक्षकाला आपल्या विद्यार्थ्याबद्दल जे मानायला आवडतं तेच तो मानतो. मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

त्याच संध्याकाळी परिच्छेद उडाला. एका संकेतस्थळावरच्या पर्यटन लेखातून तो शब्दशः उचललेला होता. वडापावच्या चर्चापानावर सूचना आली: हा मजकूर प्रताधिकारित आहे, असं पुन्हा करू नये. सूचना अगदी सभ्य होती. पण १३ वर्षांच्या मुलाला, आयुष्यात प्रथमच मराठीत काही प्रसिद्ध केल्यावर, पाच तासांत मराठीतच 'असं करू नये' ऐकायला मिळालं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा फोन. "अहो, चूक माझी आहे. तो आधी स्वतःच लिहीत होता. दोन-तीन वाक्यं लिहिलीही होती. मीच म्हटलं, अरे हे कसलं मराठी, असं विकिपीडियावर टाकणार का, लोक हसतील. मग मीच शोधून दिलं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तो आता म्हणतोय की मराठीचा वर्ग नको."

फोन ठेवला आणि मला पुणे आठवलं.

२०११ साली विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यात एक प्रयोग केला. त्याआधी २०१० ते ११ मध्ये अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत प्राध्यापकांनी निबंधाऐवजी विकिपीडियाचा लेख लिहायला द्यायला सुरुवात केली होती आणि ते बरं चाललं होतं. म्हणून अमेरिकेबाहेरचा पहिला मोठा प्रयोग पुण्यात. कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, सिम्बायोसिसचं स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि एसएनडीटी या संस्थांतले वर्ग, सुमारे हजार विद्यार्थी, आणि लिहायचं इंग्रजी विकिपीडियावर. मदतीला 'कँपस अँबॅसडर' म्हणून तरुण स्वयंसेवक होते. त्यांची उमेद दांडगी, पण त्यातल्या बहुतेकांनी स्वतःच विकिपीडियावर फारसं लिहिलेलं नव्हतं. प्राध्यापकांचीही तीच गत.

मी तेव्हा इथून, आयंडहोवनच्या भाड्याच्या फ्लॅटमधून, इंग्रजी विकिपीडियावर काम करत असे. सप्टेंबर-ऑक्टोबरात अर्थशास्त्राच्या आणि अभियांत्रिकीच्या लेखांत पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून उचललेला मजकूर येऊ लागला. एखाददुसरा असता तर कोणी काही बोललं नसतं. पण हजार विद्यार्थी, आणि कामाची मुदत जवळ आली की सगळे एकदम. काढलेला मजकूर पुन्हा चिकटवला जाई, कारण काढला का हे विद्यार्थ्याला कळलेलंच नसे. चर्चापान नावाची चीज असते आणि तिथे आपल्याला निरोप आलेला आहे, हे ठाऊक असेल तर ना. निस्तरायला जे बसले ते जगभरचे फुकट काम करणारे स्वयंसेवक. त्यात मीही. मुलं झोपली की अकरा वाजता बसायचं. एका विद्यार्थ्याच्या बदलांची यादी घ्यायची, त्यातलं एकेक वाक्य अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधायचं, जसंच्या तसं सापडलं की लेखातून काढायचं. पुढचं वाक्य. चोरीचा मजकूर ओळखायच्या खुणा असतात. परिच्छेदाच्या मध्येच आवाज बदलतो. 'मागील प्रकरणात पाहिल्याप्रमाणे' असं येतं आणि मागे प्रकरणच नसतं.

चर्चापानांवर सूर चढत गेले. 'इंडिया' हा शब्द तक्रारींच्या मथळ्यांत यायला लागला. तो वाचताना मला जे वाटायचं ते इथे राहणाऱ्या कोणालाही सांगावं लागू नये. नोव्हेंबर २०११ मध्ये प्रयोग थांबवला गेला. फाउंडेशनने टोरी रीड या बाहेरच्या मूल्यमापक बाईंकडून त्याची तपासणी करून घेतली आणि तो अहवाल सगळ्यांसाठी खुला ठेवला. ही गोष्ट मला आवडली. आपली फजिती जाहीर मांडणाऱ्या संस्था फार नसतात. झेप फार मोठी, तयारी फार थोडी, अशा वळणाची कारणं त्यात होती.

मी मात्र तेव्हा मनाशी एक सोपं उत्तर करून ठेवलं होतं: आपल्याकडे कॉपीची सवयच आहे. आणि ते अगदी खोटं नाही. माझं स्वतःचं शिक्षण गाइडवर झालं. पुस्तकातलं उत्तर जसंच्या तसं लिहिलं की पैकीच्या पैकी, स्वतःच्या शब्दांत लिहिलं की 'मुद्दे सुटले'. जर्नल तर सीनियरचं समोर ठेवून उतरवण्यासाठीच असतं असा आमचा प्रामाणिक समज होता. इथे प्राथमिक शाळेतच मुलं 'वेर्कस्टुक' लिहितात, एखाद्या विषयावर पाच-सहा पानं, आणि बाई पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट घोकतात: इन ये आय्खन वोर्डन, तुझ्या स्वतःच्या शब्दांत. माझ्या मुलीने पेंग्विनवर लिहिलं होतं. भाषा इतकी ओबडधोबड की मी सुधारून देऊ लागलो, तर म्हणाली, "बाबा, बाईंना कळेल हे माझं नाही."

म्हणजे माझ्या हिशेबाने या नऊ मुलांनी कॉपी करायलाच नको होती. ती डच शाळेत शिकलेली. डचमध्ये वडापाव कधीच उचलेगिरी करत नाही, मी त्याला विचारलं. मग मराठीत का केली? कारण डचमधलं त्याचं ओबडधोबड वाक्य त्याचं स्वतःचं असतं, आणि मराठीतलं ओबडधोबड वाक्य घरच्यांची लाज असते. त्याने चोरी केली नव्हती. आपलं मराठी लपवलं होतं.

मग मला पुण्यातली ती मुलं वेगळी दिसायला लागली. त्यांना लिहायचं होतं इंग्रजीत, सगळ्या जगासमोर. त्यात मराठी माध्यमातून आलेलीही असणार. पुस्तकातलं इंग्रजी आणि आपलं इंग्रजी शेजारी ठेवल्यावर त्यांनी कोणतं निवडलं असतं? आळशी होते, काही जण नक्कीच होते. पण बारा वर्षं मी सगळ्यांना त्याच माळेत ओवलं होतं.

पुण्यानंतरची एक गोष्ट इथे सांगायला हवी. २०१२ च्या सुरुवातीला असाच प्रयोग कैरोत झाला, कैरो विद्यापीठ आणि ऐन शम्स विद्यापीठात. पुण्याहून धडा घेऊन वर्ग मोजके ठेवले, आधीपासूनचे अनुभवी विकिपीडियन सोबतीला घेतले, आणि विद्यार्थ्यांनी लिहिलं अरबीत. तो प्रयोग टिकला आणि वाढला. यश कशाने आलं यावर वाद घालता येईल, संख्या कमी होती हे मोठंच कारण. पण आपल्या भाषेत लिहायला दिलं, याचं वजन माझ्या मते बरंच जास्त आहे.

(महाराष्ट्रातही मराठी भाषा गौरव दिनाच्या सुमारास महाविद्यालयांतून विकिपीडियाच्या कार्यशाळा होतात. एका दिवसात खातं, टंकन, एक बदल, फोटो. वाईट काहीच नाही. पण दुसऱ्या दिवशी चर्चापानावर निरोप येतो तेव्हा शेजारी कोणी नसतं.)

असो. वडापावकडे वळतो. मी त्याच्या घरी गेलो. ती खोडलेली दोन-तीन वाक्यं त्याच्याकडे होती का, विचारलं. नव्हती. मग म्हटलं, पुढच्या रविवारी ये आणि तुला एकच काम. एका डच पुस्तकातली वखारीबद्दलची तीन पानं मी छापून आणतो. ती वाच. मग कागद उलटा ठेव, आजीला सांगलीला फोन लाव, आणि काय वाचलंस ते तिला सांग. शेजारी मी लिहून घेतो.

आला. तोंड पाडून, पण आला. फोन स्पीकरवर.

"आजी, वेंगुर्ल्याला ना, डच लोकांची वखार होती. सोळाशे सदतीसमध्ये."

"वखार? लाकडाची का रे?"

पोरगं गोंधळलं. सांगलीत वखार म्हणजे जळाऊ लाकडाची, इमारती लाकडाची. आजीचा प्रश्न रास्त होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली नाही.

"नाही... म्हणजे... कंपनीचा माल ठेवायची जागा. आणि हिशेब करायची. आणि तिथे माणसं पण राहायची."

"मग तसं सांग ना. आणि हे डच तिथे कशाला आले तडमडायला?"

"त्यांचं पोर्तुगीजांशी भांडण होतं. गोव्याला. त्यांना जवळच पाणी पाहिजे होतं. बोटींसाठी."

दहा मिनिटं चाललं. आजी प्रश्न विचारत राहिली, तो उत्तरं देत राहिला. पोर्तुगीज गप्प बसले का? राजा कोण होता तिथला? भाडं द्यायचे का? (हे पुस्तकात नव्हतं. त्याने सरळ "माहीत नाही" सांगितलं, आणि मला वाटतं त्या दिवशीचं ते सगळ्यात चांगलं वाक्य.) मी सगळं लिहून घेतलं. मग त्या बोलण्यातून त्याने स्वतः पाच वाक्यं धूळपाटीवर टाइप केली. वखार म्हणजे काय, हे पहिलं वाक्य. कोणत्याही विद्वानाच्या ते सुचलं नसतं, कारण विद्वानाला वखार माहीत असते.

मग तोच आमचा नियम झाला. आधी वाचा, कागद उलटा करा, फोन लावा. नऊ घरच्या आज्या-आजोबा रविवारी दुपारी फोनपाशी बसायला लागले. हिवाळ्यात आपण भारताच्या साडेचार तास मागे असतो, त्यामुळे त्यांची दुपारची झोप हुकायची, पण तक्रार आली नाही. एका आजोबांनी तर उलट दोन संदर्भ सुचवले. त्यातला एक केतकरांच्या ज्ञानकोशाचा होता. तो आता इंटरनेटवर वाचायला मिळतो, आणि केतकर १९३७ साली गेल्यामुळे त्यांचं लिखाण भारतात आणि इथेही प्रताधिकाराबाहेर आलं आहे. म्हणजे तिथून शब्दशः घेतलं तरी कायदा आड येत नाही. मुलांनी हे ऐकल्याबरोबर डोळे चमकवले. मी म्हटलं, कायदा आड येत नाही, मी येतो.

संदर्भांचा रविवार सगळ्यात गरम झाला. हेगच्या सेंट्रल स्टेशनाला लागूनच राष्ट्रीय अभिलेखागार आहे. व्हीओसीची कागदपत्रं तिथे सुमारे १२०० मीटर लांबीच्या फडताळांत आहेत, आणि २००३ साली युनेस्कोने ती जगाच्या स्मृतीच्या यादीत घेतली. हायगेन्स इन्स्टिट्यूटच्या ग्लोबलाइझ प्रकल्पाने त्यातली सुमारे ५० लाख पानं यंत्राकडून वाचून घेतली आहेत, त्यामुळे घरबसल्या शब्द टाकून शोधता येतं. मुलांनी डच वळणाने 'विंगुर्ला' टाकलं. ढीगभर पानं आली. सतराव्या शतकातलं डच आणि आजचं डच यांत बरंच अंतर आहे, पण शब्द ओळखू येतात. डच कारकुनांनी शिवाजी महाराजांचं नाव वाट्टेल तसं लिहिलेलं आहे. ते सापडल्यावर खोलीत जो आरडाओरडा झाला तो ऐकून पॅसेजमधले बाबालोक आत आले.

आणि मग मला सांगावं लागलं की हे लेखात घालता येणार नाही. विकिपीडियावर स्वतः केलेलं नवं संशोधन चालत नाही. आधी कोणी जाणकाराने ते पत्र वाचून, त्याचा अर्थ लावून छापायला हवं. आपण त्या छापलेल्याचा आधार द्यायचा. उदाहरणार्थ विनियस आणि फिंक यांचं 'द मर्चंट-वॉरियर पॅसिफाइड' हे १९९१ चं पुस्तक, भारतातल्या डच कंपनीवरचं.

"म्हणजे खरं पत्र चालत नाही, पण पत्राबद्दल कोणीतरी लिहिलेलं चालतं?" एकीने विचारलं.

"हो."

"डाट स्लाट नेर्खन्स ऑप, काका." (याला काही अर्थ नाही, असं सभ्य भाषांतर करतो.)

अर्धा तास वाद झाला. मी नियमाची बाजू मांडली: आपल्यासारखा शिकाऊ माणूस जुनं पत्र चुकीचं वाचतो आणि ती चूक शंभर ठिकाणी पसरते. तिचं म्हणणं, पुस्तक लिहिणाराही चुकतोच. मला तिचं पूर्ण खोडता आलं नाही. शेवटी ती म्हणाली, मग मी मोठी होऊन ते छापीन आणि मग घालीन. ठीक आहे, म्हटलं.

दुसऱ्या एकाने पाचव्या रविवारी एआयकडून परिच्छेद लिहवून आणला. भाषा गुळगुळीत, आणि वखारीचं साल १६०२. ते कंपनीच्या स्थापनेचं साल आहे. त्याच्या आजीनेच ते फोनवर पकडलं: "अरे, गेल्या रविवारी तर सदतीस म्हणाला होतास." (ऑगस्ट २०२५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने, कोणी न तपासता टाकलेले असे एआयचे लेख चर्चेविना वगळायचा नियम केला. आमच्या आजीबाई दीड वर्ष पुढे होत्या.) मी त्याला रागावलो नाही. त्यानेही वडापावसारखंच केलं होतं, फक्त दुकान वेगळं.

आठव्या रविवारपर्यंत नऊपैकी सात जणांचे परिच्छेद लेखांत गेले. एकीचा धूळपाटीवरच राहिला, तिला तो अजून बरोबर वाटत नाही. एकाने मध्येच फुटबॉलसाठी रविवार सोडला.

वडापावची पाच वाक्यं गेली. पहिलं वाक्य होतं: वखार म्हणजे कंपनीचा माल ठेवायची आणि हिशेब करायची जागा. त्याची आई पुन्हा फोनवर: "अहो, 'ठेवायची' बरं दिसतं का? 'साठवणुकीचे स्थान' म्हणू या का?" मी हात जोडले, म्हटलं राहू द्या, तिथे माणसं आहेत, बघतील.

चार दिवसांनी शाळेतून आल्या आल्या त्याचा मला मेसेज आला. कोणीतरी लेख बदललाय. मी धसका घेऊन 'इतिहास पहा' उघडलं. कोणा अनोळखी सदस्याने 'ठेवायची'चं 'ठेवण्याची' केलं होतं आणि बाकी सगळं तसंच ठेवलं होतं. बदलाच्या पुढे हिरव्या आकड्यात अधिक ६. त्याने विचारलं, दोनच अक्षरं वाढली तर सहा कसे. मी सांगितलं, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात.

रविवारी त्याने ती पाच वाक्यं आजीला फोनवर वाचून दाखवली, 'ठेवण्याची'सकट. आजीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "छान आहे. पण यात तुझं नाव कुठंय?"

"वर नाही ते आजी. 'इतिहास पहा' वर क्लिक करायचं."

"बरं, मग कुठं दाबायचं ते सांग."

पुढची वीस मिनिटं तो तिला सांगत होता.